ग्रीक घरचा स्वयंपाक आणि तेलाची बाटली

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक ओळखीचे जोडपे आत आले. काका अडुसष्ट वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षे बोटीवर काढून आता गावी घर बांधून राहिलेले. चक्कर येते, डोके जड वाटते, अशी तक्रार. रक्तदाब पाहिला तर १९०/११०. चार वर्षे माझ्याकडूनच गोळ्या घेणारा, तारखेला तारीख न चुकवणारा हा माणूस. त्याचा रक्तदाब असा एकाएकी का चढावा, ते कळेना.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

काका खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तर काकींनी दिले. त्यांनी पिशवीतून हिरव्या काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, ह्यांनी दीड महिना गोळीला हात लावलेला नाही. रोज सकाळी उठून हे पितात. दोन मोठे चमचे."

बाटली ऑलिव्ह तेलाची होती. मुलाने परदेशातून येताना आणलेली. काकांचे म्हणणे असे : "डॉक्टर, मी अठरा वर्षं ग्रीकांच्या बोटींवर जेवण केलं. ती माणसं तेलात न्हाऊन जेवतात आणि म्हातारपणी डोंगर चढतात. मोबाईलवर पण आलं होतं, हे तेल घेतलं की गोळी लागत नाही. मग म्हटलं, बघू या."

ईसीजी काढला, लघवी आणि क्रिएटिनिन तपासले. सुदैवाने हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही शाबूत होते. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या आणि तीन आठवड्यांत रक्तदाब १३८/८६ वर आला. दैवाने खैर केली म्हणायचे. अशाच हलगर्जीपणातून अर्धांगवायू झालेली माणसे मी याच खुर्चीत बसून पाहिली आहेत.

पण काकांचे एक वाक्य माझ्या डोक्यात राहिले. अठरा वर्षे ग्रीक माणसांसाठी स्वयंपाक केलेला माणूस आपल्या तालुक्याच्या गावात असावा आणि मी त्याला नुसत्या गोळ्या लिहून देत बसावे, हे बरे नव्हे. पुढच्या भेटींत रक्तदाब मोजून झाला की मी त्यांना विचारू लागलो, "काका, ती माणसं खरंच काय खात होती, ते सांगा." त्यातून जे कळले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत जे वाचले, ते जुळवून आज वाचकांपुढे ठेवतो.

एकच पदार्थ, प्रत्येकाची आई वेगळी

ग्रीकांचा रोजचा जो पदार्थ काकांना सर्वांत जास्त वेळा करावा लागला, तो म्हणजे फसोलादा. पांढऱ्या घेवड्याच्या सुक्या दाण्यांची ही दाट आमटी. रात्रभर भिजवलेले दाणे, कांदा, गाजर, सेलरीची पाने, आणि ऑलिव्ह तेल. सोबत पाव आणि मिठातली ऑलिव्ह फळे. ग्रीसमध्ये पुष्कळ लोक हाच आपला राष्ट्रीय पदार्थ मानतात. मटण नाही, मासा नाही, घेवड्याची आमटी! हे ऐकून मलाच आधी नवल वाटले.

काकांना हा पदार्थ बोटीवरच्या एका म्हाताऱ्या ग्रीक आचाऱ्याने शिकवला. तो खिऑस बेटावरचा. पुढे तो निवृत्त झाला आणि काका मुख्य आचारी झाले. तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. कप्तान म्हणे, माझी आई यात टोमॅटो घालते. चीफ इंजिनिअर म्हणे, टोमॅटो घातला की फसोलादा मेली, आमच्याकडे ती पांढरीच असते. एकाला तेल सुरुवातीला कांद्याबरोबर हवे, दुसऱ्याला भांडे उतरवल्यावर कच्चेच वरून हवे. मसुरीची आमटी केली तर कुणाला वाढताना वर व्हिनेगर हवे, कुणाला नको.

"वाद रोजचा," काका हसत म्हणाले, "पण डॉक्टर, अठरा वर्षांत एकानं सुद्धा असं म्हटलं नाही, की घेवडा काढ आणि त्याच्या जागी मटण घाल."

या एका वाक्यात ग्रीक आहाराचे मर्म आहे, असे माझे मत झाले आहे. प्रत्येक घर आपापल्या परीने पदार्थ बदलत असते, पण कडधान्य, भाजी, तेल आणि पाव ही चौकट बदलत नाही.

भरल्या भाज्यांचेही तेच. टोमॅटो आणि ढोबळी मिरची कोरून त्यात तांदूळ, कांदा, पुदिना, पार्सली भरायची, फटींतून बटाट्याच्या फोडी खोचायच्या, तेल ओतायचे आणि भट्टीत ठेवायचे. याला गेमिस्ता म्हणतात. काही घरांत तांदळाबरोबर खिमा भरतात, काही घरांत नाही. बिनखिम्याच्या भाज्यांना ग्रीक लोक गमतीने 'अनाथ' म्हणतात. बोटीवरच्या एका इंजिनिअरला यातच बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे हवे असत. त्याची आजी १९२२ साली स्मिर्नाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मिरहून, निर्वासित म्हणून पिरेयस बंदरात उतरली होती. त्या काळात आशिया मायनरमधून दहा लाखांहून अधिक माणसे ग्रीसमध्ये आली. घरदार गेले, पण जिरे आणि दालचिनी घालून करायचे खिम्याचे मुटके ती माणसे बरोबर घेऊन आली. आज तेही ग्रीक घरचेच जेवण समजले जाते.

भाज्या तेलात मुरवून मंद शिजवण्याच्या या सगळ्या प्रकाराला ग्रीक भाषेत 'लादेरा' म्हणतात. 'लादी' म्हणजे तेल. आपल्या फरशीच्या लादीशी त्याचा काही संबंध नाही! फरसबी, भेंडी, वांगी, दुधीच्या जातीचे कोवळे काकडे, जो हंगाम असेल ती भाजी. कोमट किंवा गार झाल्यावर खायची, पावाने रस्सा टिपून घ्यायचा. शिवाय डोंगरउतारावर आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या खुडून, उकडून, त्यांवर तेल आणि लिंबू पिळून खाण्याची पद्धत आहे. सिफनोस नावाच्या बेटावर तर हरभरे मातीच्या भांड्यात घालून शनिवारी संध्याकाळी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवतात आणि रविवारी चर्चमधून परतताना रात्रभर शिजलेले ते भांडे घरी आणतात.

परंपरा काही दगडावरची रेघ नव्हे

पुष्कळांना वाटते, की परंपरेचे जेवण म्हणजे हजारो वर्षे न बदललेले जेवण. तसे नसते. टोमॅटो, बटाटा, ढोबळी मिरची आणि ज्याची फसोलादा होते तो घेवडा, हे सारे मूळचे अमेरिकेतले. ग्रीसमध्ये ही पिके गेल्या काही शतकांतच आली. १८२८ साली ग्रीसचा कारभार हाती घेणाऱ्या कापोदिस्त्रियास याने बटाट्याचा प्रसार केला, असे तिथे सांगतात. म्हणजे आजच्या ग्रीक आजीचा 'पारंपरिक' पदार्थ हा तिच्या पणजीच्या काळचा नवा प्रयोगच होता. तेव्हा बदलाला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की बदल कोणत्या दिशेने आणि कशासाठी?

त्याचेही उदाहरण ग्रीसमध्येच आहे. निकोलाओस त्सेलेमेंतेस हा तिथला नामांकित आचारी. त्याच सिफनोस बेटाशी नाते सांगणारा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या पाकपुस्तकांनी एवढे नाव मिळवले, की ग्रीक भाषेत पाकपुस्तकालाच 'त्सेलेमेंतेस' म्हणू लागले. ग्रीक जेवणावर तुर्की छाप फार पडली आहे, ते युरोपियन झाले पाहिजे, असे त्याचे मत. म्हणून त्याने मसाला, लसूण आणि ऑलिव्ह तेल कमी करून लोणी, दूध, मैद्याचा पांढरा फ्रेंच सॉस आणला. वांग्याच्या मुसाका या पदार्थावर आज जो पांढरा जाड थर दिसतो, त्याचे श्रेय बहुधा त्यालाच देतात. शहरातल्या सुखवस्तू घरांना ते प्रतिष्ठेचे वाटले. खेड्यातली गरीब बाई मात्र आपल्या झाडाचे तेल आणि आपल्या परसातली भाजीच शिजवत राहिली.

मुसाका चवीला उत्तम लागतो, असे काका सांगतात. सणावारी खायला काहीच हरकत नाही. पण त्सेलेमेंतेसने केलेला बदल आणि स्मिर्नाच्या आजीने केलेला बदल एका जातीचे नाहीत. आजीने चौकट ठेवून चव बदलली. त्याने चौकटीलाच हात घातला.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतले शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसमधले क्रीट आणि कॉर्फू या बेटांवरचे लोक होते. क्रीटमधल्या शेतकऱ्यांच्या जेवणातली सुमारे चाळीस टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येत होती, म्हणजे तेल भरपूर. तरीही हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण क्रीटमध्ये सर्वांत कमी निघाले आणि लोणी-दुधावर पोसलेल्या पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. तेव्हापासून ऑलिव्ह तेलाचा डंका वाजू लागला.

पण त्या शेतकऱ्याचे ताट नीट पाहा. तेल होते, पण ते भाजीत आणि कडधान्यात होते. मटण क्वचित, बहुधा रविवारी किंवा सणाला. गोड म्हणजे फळ. आणि जेवणाआधी दिवसभर डोंगराळ शेतात काम. आपण त्यातले तेल तेवढे उचलले आणि बाकीचे तिथेच सोडून आलो.

दुसरा अभ्यास खुद्द ग्रीसमधला. अँतोनिया त्रिकोपुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,०४३ ग्रीक स्त्री-पुरुषांची पाहणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीचा आहार किती पाळला जातो, याला त्यांनी शून्य ते नऊ असे गुण दिले. गुण जितके जास्त, तितके मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. गंमत पुढेच आहे. भाजी, फळे, तेल असा एकेक घटक सुटा काढून पाहिला तर फारसा ठळक फरक हाती लागेना. बेरीज केली तेव्हाच फरक दिसला.

माझ्या मते प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. जादू कुठल्याच एका बाटलीत नाही. काकांनी सकाळी प्यायलेले दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे २४० कॅलरी, दोन-तीन पोळ्यांएवढ्या. त्या नेहमीच्या जेवणात वरून मिळवल्या गेल्या. दीड महिन्यात त्यांचे वजन दोन किलोंनी वाढले, एवढाच काय तो तेलाचा प्रताप.

उपास त्यांचा आणि आपला

काकांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. ग्रीक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचे मोठे उपास, नाताळच्या आधीचे उपास, ऑगस्टमधले पंधरा दिवस, शिवाय वर्षभर बुधवार आणि शुक्रवार. सगळे पाळले तर वर्षातले १८० ते २०० दिवस भरतात. या दिवसांत मटण, अंडी, दूध, लोणी, चीज वर्ज्य, बहुतेक दिवशी मासाही वर्ज्य. कडक उपासाला तेलसुद्धा नाही. मग उरते काय? कडधान्ये, भाज्या, फळे, पाव, आणि समुद्रातले शिंपले-माकुळ. म्हणजे धर्मानेच जवळजवळ अर्धे वर्ष चौकट राखून दिली. आज सगळेच ग्रीक हे उपास पाळतात असे नाही, पण लादेराचे एवढे प्रकार जन्माला आले त्यामागे हे उपास आहेत. रोज घेवडाच खायचा तर त्याला दहा चवी शोधाव्या लागतातच.

आपल्याकडे मात्र 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. साबुदाणा, बटाटा, तूप, तळलेले वेफर. मधुमेहाच्या रुग्णांची साखर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पाहिली, की मला प्रसादाचे वर्णन विचारावे लागत नाही! कुणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण उपासाच्या ताटात फळे, ताक, राजगिरा, रताळे, भोपळा यांनाही जागा आहेच की.

चौकट मोडली की काय होते

ग्रीस आज तरी निरोगी आहे का? दुर्दैवाने चित्र तितके चांगले नाही. मटण आणि चीज तिथे रोजचे झाले. शेतातली पायपीट गेली, गाडी आली. युरोपात लठ्ठ मुलांचे प्रमाण ज्या देशांत जास्त आहे, त्यांत आज ग्रीसची गणना होते. धूम्रपानही तिथे पूर्वीपासून भरपूर. २०१० साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीच्या वारशात स्थान दिले आणि त्यासाठी नाव दिलेल्या देशांत ग्रीस होता. पण वारसा यादीत लिहिला म्हणून तो ताटात राहतो असे नाही. तेल तेच आहे, झाडेही तीच आहेत, ताट बदलले. तेल हेच औषध असते तर असे झाले नसते.

मग आपण काय करावे?

या पानावर ग्रीक पदार्थांच्या कृती देण्याचा माझा हेतू नाही. हौस असेल त्याने फसोलादा जरूर करून पाहावी, सामान अवघड नाही. पण स्वयंपाकात बदल करण्यापूर्वी, मग तो ग्रीक असो की आपला, घरातल्या माणसांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : या बदलाने ताटातले कडधान्य आणि भाजी वाढते की कमी होते? टोमॅटो घालावा की नको, हा चवीचा प्रश्न. आमटीच्या जागी फरसाण आले, तर तो तब्येतीचा प्रश्न.

दुसरा : सणाचा पदार्थ रोजचा होत नाही ना? मुसाका असो वा पुरणपोळी, सणाला ती शोभते. सण रोज आला की दवाखानाही रोजचा होतो.

तिसरा : नवे तेल जुन्या तेलाच्या जागी आले, की त्याच्या जोडीला? जागी आले तर विचार करण्यासारखे आहे, जोडीला आले तर नुकसानच. आणि महागड्या ऑलिव्ह तेलासाठी कर्ज काढू नका. त्यातल्या ज्या स्निग्धाम्लाचे कौतुक होते ते ऑलिव्ह तेलात सुमारे सत्तर टक्के असते आणि आपल्या शेंगदाणा तेलातही जवळजवळ निम्मे असते. नारळाच्या तेलाची जात मात्र वेगळी, ते बेतानेच वापरावे. कोणतेही तेल असो, माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.

थोडे सावधगिरीचे. ग्रीकांचे फेटा चीज आणि मुरवलेली ऑलिव्ह फळे दोन्ही भलतीच खारट असतात, रक्तदाबाच्या माणसाने ती लोणच्या-पापडासारखीच लांब ठेवावीत. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन ही गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही कडधान्ये आणि फळे किती खावीत ते विचारूनच ठरवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : कोणताही आहार चालू गोळीची जागा आपोआप घेत नाही. चांगल्या आहाराने, चालण्याने, वजन उतरल्याने गोळी कमी करता येते, काहींची बंदही होते. पण ती डॉक्टरने रक्तदाब मोजून कमी करायची असते, मोबाईलवरच्या मजकुराने नव्हे. दीड महिना रक्तदाब वाढलेला असताना काकांना एकही लक्षण नव्हते, हे विसरू नका. चक्कर आली म्हणून ते आले. पुष्कळांना तेवढी सूचनाही मिळत नाही.

परवा काका तपासणीला आले तेव्हा हातात डबा होता. फसोलादा. पांढरा घेवडा बाजारात मिळाला नाही म्हणून चवळीची केली होती, सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ, आणि तेल शेंगदाण्याचे, तेही दोनच चमचे.

"तुमच्या कप्तानाला चालली असती का ही?" मी विचारले.

"कुरकुरला असता," काका म्हणाले, "पण खाल्ली असती. चवळी असली म्हणून काय झालं, आहे तर कडधान्यच."

रक्तदाब १३२/८२ होता. गोळी चालू आहे. ती हिरवी बाटली काकींनी आता स्वतःच्या ताब्यात घेतली आहे आणि कोशिंबिरीवर चमचाभर घालून संपवत आणली आहे.